खिडकीवरच्या तडकलेल्या, गंजलेल्या लिंटेलची दुरुस्ती

खिडकीच्या चौकटीवर, प्लास्टरच्या आत, भिंतीच्या जाडीइतकी रुंद आणि साधारण सहा इंच उंच अशी काँक्रीटची आडवी पट्टी असते, तिला लिंटेल म्हणतात. खिडकीसाठी सोडलेल्या जागेवरचे विटकाम ती पेलते आणि मुंबईतल्या बहुतेक इमारतींत तिच्यातूनच छज्जा बाहेर काढलेला असतो. या पट्टीला आडवी चीर गेली आणि तपकिरी ओघळ दिसू लागले की रंगारी पुट्टी भरून रंग मारून देतो. एखाद-दुसरा पावसाळा बरा जातो आणि मग पुट्टीसकट काँक्रीटचा पोपडा खाली येतो. चीर बुजवली तरी तिच्यामागची सळई गंजतच असते, आणि त्या सळईच्या मागे पोचल्याशिवाय केलेले कोणतेही काम टिकत नाही. ते काम कसे होते, कोणता भाग स्वतः तपासता येतो आणि कोणत्या भागाला अभियंत्याशिवाय हात लावू नये, हे पुढे क्रमाने दिले आहे.

सळई का गंजते, हे आधी थोडक्यात समजून घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचा संबंध त्याच्याशी आहे. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपत गेला की हा पीएच ९च्या खाली उतरतो आणि तो थर नष्ट होतो. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या हवेतले क्लोराइड, तसेच पूर्वी बांधकामात सर्रास वापरलेल्या खाडीच्या रेतीतले मीठ, हेच काम आणखी लवकर करते. गंज मूळ पोलादापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, त्यामुळे सळईखालचे काँक्रीट आतून ढकलले जाऊन सुटते. किनाऱ्यालगतच्या हवेतल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ : २००० या मानकाने सळईवर किमान ४५ मिमी जाडीचे आवरण सांगितले आहे, जुन्या लिंटेलमध्ये मात्र ते १५-२० मिमीच सापडते, आणि कित्येकदा तळाची सळई सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतण्यासाठी लावलेल्या साच्याच्या) फळीवर तशीच टेकवून काँक्रीट ओतलेले असते.

चिरेचे निदान

खिडकीवर दिसणारी प्रत्येक चीर लिंटेलची नसते. जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा बहुधा प्लास्टरच्या असतात. लिंटेल आणि वरचे विटकाम यांच्या सांध्यावर सरळ आडवी, बारीक आणि गंजाचा डाग नसलेली चीर असेल, तर दोन वेगळ्या पदार्थांच्या आकुंचन-प्रसरणामुळे प्लास्टर फाटलेले असते; तेवढा पट्टा काढून, सांध्यावर जाळी ठोकून नवे प्लास्टर केले की ते काम संपते. याउलट लिंटेलच्या तळाला किंवा दर्शनी बाजूला, कडेपासून इंच-दीड इंच आत, सळईच्या रेषेने धावणारी आणि तपकिरी डाग सोडणारी चीर ही गंजाची चीर होय. मुंबईत सर्वाधिक हीच दिसते आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

आणखी दोन प्रकारच्या चिरा दिसल्या तर दुरुस्तीचा विचार थांबवून अभियंत्याला बोलवावे. लिंटेलच्या मध्यभागी तळातून वर चढणारी उभी चीर म्हणजे पट्टी भाराने वाकत असल्याची शंका. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारी चीर म्हणजे एक तर भिंत हललेली आहे, किंवा लिंटेलचे टोक भिंतीत पुरेसे रुतलेले नाही. लिंटेल दोन्ही बाजूंना निदान १५० मिमी तरी भिंतीवर टेकलेले असावे लागते. जुनी लोखंडी खिडकी काढून मोठी स्लायडिंग खिडकी बसवताना कारागीर बाजूची भिंत फोडतात आणि नेमका हाच आधार कापला जातो. खिडकी बदलल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, तर पहिला संशय याच कामाचा घ्यावा.

चीर वाढते आहे की थांबलेली आहे, हे पाहण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर लहान हातोडीने संपूर्ण लिंटेल हळूहळू ठोकून पाहावे. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बोदा येतो. बोदा आवाज जिथे संपतो तिथे खडूने रेघ ओढावी. ही रेघ डोळ्यांना दिसणाऱ्या चिरेपेक्षा बरीच लांब जाते, आणि कामाचा खरा आवाका तीच सांगते. हे ठोकणे नेहमी घराच्या आतून, बाजूला उभे राहून आणि डोळ्यांवर गॉगल लावून करावे. बाहेर वाकून छज्जा ठोकू नये.

एक रासायनिक चाचणीही स्वस्त आणि सोपी आहे. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग फुंकून स्वच्छ करावा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारावे. अल्कधर्मी राहिलेले काँक्रीट गडद गुलाबी होते. कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला, भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईच्या पलीकडे गेला असेल, तर आज न गंजलेली सळईही उद्या गंजेल असे धरून चालावे. क्लोराइडचे प्रमाण मात्र या चाचणीत कळत नाही. त्यासाठी काँक्रीटचा चुरा प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

हे काम कोणाचे?

इमारत कोणत्या पद्धतीची आहे, यावर बरेच काही ठरते. कॉलम आणि तुळयांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत, म्हणजे उपनगरांतल्या बहुसंख्य सोसायट्यांत, मजल्याचा भार तुळया घेतात. लिंटेलचा तळ साधारण सात फुटांवर आणि वरच्या तुळईचा तळ त्याच्या फूट-दीड फूट वर, अशी रचना असल्याने लिंटेलवर विटांचे चार-पाच थर आणि छज्जा एवढेच ओझे असते. गिरगाव, लालबाग किंवा परळच्या जुन्या चाळीत गोष्ट वेगळी आहे: तिथे जाड भिंतीच मजल्यांचा भार वाहतात, खिडकीवर काँक्रीटऐवजी सागवानी तुळई किंवा लोखंडी गर्डर असू शकतो, आणि तो हलला तर वरच्या खोलीची जमीन हलते. अशा भिंतीतल्या लिंटेलला नवशिक्याने किंवा एकट्या मिस्त्रीने हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. तिथे अर्ज करणे हीच पहिली पायरी.

सहकारी सोसायटीत बाहेरची भिंत आणि छज्जा यांची दुरुस्ती ही सभासदाची खासगी बाब नसून सोसायटीची जबाबदारी आहे, त्यामुळे सचिवांना छायाचित्रांसह लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे; शिवाय मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३ ब हे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी बंधनकारक करते. मागच्या परीक्षणाचा अहवाल सोसायटीच्या कपाटात बहुधा असतोच. आपल्या खिडकीचा उल्लेख त्यात आहे का, हे पाहावे, कारण एकाच उभ्या ओळीतल्या सर्व मजल्यांवरची लिंटेले एकाच वेळी, एकाच रेतीने ओतलेली असतात. तुमची फुगली असेल, तर वरची आणि खालचीही त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी असते, आणि परांची एकदाच बांधून सर्वांचे काम करणे केव्हाही स्वस्त पडते.

काम ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत करावे. मेअखेरीस सुरू केलेले काम हमखास पावसात सापडते. भर पावसाळ्यात चीर दिसली, तर सुटे पोपडे काळजीपूर्वक उतरवणे, खाली येण्याजाण्याचा रस्ता अडवणे आणि टेकू लावणे एवढेच करून पाऊस सरण्याची वाट पाहावी.

टेकू आधी, हातोडा नंतर

छज्जा हा लिंटेलमधून बाहेर झुकलेला भाग आहे आणि त्याच्या मुख्य सळया तळाला नसून वरच्या पृष्ठभागाजवळ असतात, ही गोष्ट नव्या माणसाला सहसा माहीत नसते. त्या सळया लिंटेलमध्ये वळवून रुतवलेल्या असतात आणि लिंटेलवरच्या भिंतीच्या वजनाने छज्जा उलटायचा राहतो. पाच फूट लांब, दोन फूट बाहेर आलेला आणि तीन इंच जाडीचा छज्जा घेतला, तर त्याचे वजन सुमारे १७० किलो भरते. लिंटेलचे काँक्रीट फोडून या सळया मोकळ्या केल्या, किंवा वरच्या चार विटा काढल्या, आणि छज्ज्याला खालून आधार नसेल, तर तो कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येतो.

म्हणून फोडकाम सुरू करण्यापूर्वी दोन ठिकाणी आधार द्यावा. आतून, खिडकीच्या मोकळ्या जागेत, लिंटेलच्या तळाला जाड लाकडी फळी लावून तिच्याखाली स्क्रूने उंची बदलता येणारे लोखंडी टेकू उभे करावेत. चार फुटांच्या खिडकीला दोन, सहा फुटांच्या खिडकीला तीन पुरतात. जो भाग फोडायचा आहे, तो मोकळा राहील अशा बेताने फळी बसवावी. सबंध तळच फोडायचा असेल, तर काम दोन टप्प्यांत करून टेकू सरकवावे लागतात. टेकूच्या बुडाखालीही फळी हवी, नाही तर लाद्या फुटतात. पाचर ठोकून टेकू घट्ट करावा, पण लिंटेल वर उचलले जाईल इतका ताण देऊ नये. बाहेरून छज्ज्याच्या पुढच्या कडेलाही आधार हवा, आणि इथेच वरच्या मजल्यांवर नेहमी चूक होते: तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचा टेकू दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा केला जातो, जो बहुधा तितकाच कुजलेला असतो. हा आधार जमिनीपासून बांधलेल्या आणि अभियंत्याने पाहिलेल्या परांचीवरूनच यायला हवा. छज्जाच पुरता गंजला असेल, तर तो वाचवण्याचा अट्टहास न धरता लहान तुकड्यांत उतरवून घेणे आणि नंतर हलका नवा छज्जा करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. छज्ज्यावर ठेवलेले एसीचे बाहेरचे युनिट, कुंड्या आणि पेटीसारखी बाहेर आलेली ग्रिल आधी काढावी. बाहेरचे काम करणाऱ्या कामगाराला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवेच. खाली जाळी लावावी आणि रखवालदाराला तो रस्ता बंद करायला सांगावे.

फोडणे आणि सळई उघडी करणे

खडूच्या रेघेबाहेर थोडी जागा सोडून ग्राइंडरने सुमारे १० मिमी खोल चौकोनी काप द्यावा. कडा सरळ उभी राहिली तर नवा मसाला तिथे जाडीने बसतो. निमुळत्या कडेवरचा पातळ मसाला काही महिन्यांत सुटतो. काप देताना सळईला किंवा सळयांना वेढणाऱ्या रिंगला पाते लागणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यानंतर छिन्नी-हातोड्याने किंवा हलक्या यंत्राने सुटे काँक्रीट काढावे. मोठे ब्रेकर इथे वापरू नये, कारण त्याच्या हादऱ्याने शेजारचे चांगले काँक्रीटही खिळखिळे होते.

किती खोल जायचे, याचे उत्तर ठरलेले आहे. सळईचा अर्ध्याहून अधिक घेर गंजलेला असेल, किंवा तिच्याभोवतीचे काँक्रीट सुटलेले असेल, तर सळईच्या मागे बोट फिरेल इतकी, म्हणजे २०-२५ मिमी, जागा मोकळी करावी, आणि लांबीत गंज संपून स्वच्छ पोलाद दिसू लागल्यानंतरही आणखी ५० मिमी पुढे जावे. मिस्त्री इथे हात आखडता घेतात, कारण हे काम वेळखाऊ असते आणि झाकल्यावर कोणाला दिसत नाही. परंतु सळईचा पुढचा भाग नव्या मसाल्यात आणि मागचा भाग जुन्या खारट काँक्रीटमध्ये राहिला, तर त्या दोन भागांत विद्युत-रासायनिक फरक निर्माण होऊन गंज उलट वाढतो. दुरुस्ती केलेल्या तुकड्याच्या अगदी शेजारी दोन-तीन वर्षांत नवी चीर निघते, ती याच कारणाने. झाकण्यापूर्वी हा टप्पा स्वतः पाहावा आणि छायाचित्र काढावे.

उघडी झालेली सळई तारेच्या ब्रशने, शक्य असल्यास ड्रिलला लावलेल्या ब्रशने, चकाकेपर्यंत घासावी. मागची बाजूही विसरू नये. गंज काढणारे रसायन वापरले, तर ते सांगितलेल्या वेळेनंतर पाण्याने पूर्ण धुवून टाकावे. मग व्हर्नियर कॅलिपरने सळईचा व्यास मोजावा. १२ मिमीची सळई १० मिमी उरली असेल, तर फरक दोनच मिलिमीटरचा दिसतो, पण तिचे क्षेत्रफळ जवळजवळ ३१ टक्क्यांनी घटलेले असते. अशा सळईला जोड द्यावाच लागतो, आणि तो किती व कसा द्यायचा हे अभियंत्याने लिहून द्यावे. सर्वसाधारणपणे नवी सळई जुन्या चांगल्या भागावर व्यासाच्या सुमारे ५० पट, म्हणजे १२ मिमीसाठी ६०० मिमी, पुढे न्यावी लागते. खिडकीच्या लहानशा लिंटेलमध्ये एवढी लांबी मिळत नाही, म्हणून सबंध नवी सळई टाकून तिची टोके दोन्ही बाजूंच्या पक्क्या भागात भोके पाडून रासायनिक ग्राउटने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या मसाल्याने) रुतवतात. तुटलेल्या रिंगाही बदलाव्यात. जुन्या टॉर सळईला परस्पर वेल्डिंग करू देऊ नये. थंड अवस्थेत पीळ देऊन मिळवलेली तिची ताकद त्या उष्णतेने कमी होते.

साफ केलेल्या सळईला त्याच दिवशी गंजरोधक लेप द्यावा, कारण मुंबईच्या दमट हवेत ती एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर किंवा सिमेंट-पॉलिमर लेप, दोन्ही चालतात. दोन हात द्यावेत आणि दोहोंमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. लोखंडी ग्रिलला लावतात तो तेलातला रेड ऑक्साइड सळईला कदापि लावू नये. त्यामुळे काँक्रीटची पकडच जाते.

भरणी

खड्डा उथळ असेल, म्हणजे साधारण ५० मिमीपर्यंत, तर पॉलिमर मिसळलेला मसाला हाताने भरतात. त्याहून खोल असेल, किंवा लिंटेलचा बहुतेक तळच काढला असेल, तर सेंटरिंग लावून मायक्रो काँक्रीट, म्हणजे सहज वाहणारे बारीक काँक्रीट, ओततात.

दोन्ही पद्धतींत जुन्या पृष्ठभागाला आधी जोडलेप, म्हणजे जुन्या-नव्याला चिकटवणारा लेप, द्यावा लागतो. सिमेंट-पॉलिमरचा जोडलेप असेल, तर काँक्रीट आदल्या दिवसापासून भिजवलेले, पण वरून पाणी निथळलेले असावे. इपॉक्सीचा असेल, तर बहुतेक प्रकारांना ते कोरडे लागते. कोणताही असला, तरी तो ओला-चिकट असतानाच वर मसाला पडायला हवा. लेप लावून कारागीर जेवायला गेले आणि तो वाळला, तर तोच लेप दोन थरांना वेगळे करणारा पापुद्रा ठरतो.

मसाल्यासाठी एक भाग सिमेंट आणि तीन भाग क्वार्ट्झची धुतलेली वाळू घेऊन पॉलिमरचे प्रमाण डब्यावरच्या सूचनेप्रमाणे घ्यावे. तळाला भरताना एका वेळी १०-१२ मिमीचाच थर दाबून बसवावा, पृष्ठभाग खरवडून ठेवावा आणि तो घट्ट झाल्यावरच पुढचा द्यावा. जाड थर स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि मागे पोकळी राहते. मायक्रो काँक्रीट तयार पिशवीत येते आणि त्यात फक्त पाणी घालायचे असते. ते पाणी मापाने घालावे. ओतायला सोपे जावे म्हणून तांब्याभर अधिक घातले, की ताकद उतरते आणि वाळताना चिरा पडतात. सेंटरिंगच्या फटी बुजवून, दर्शनी बाजूला वर चोचीसारखे तोंड ठेवावे आणि एकाच टोकाकडून सलग ओतत जावे, म्हणजे हवा दुसऱ्या टोकाने बाहेर पडते.

पाण्याबद्दल एक सूचना खास मुंबईसाठी. अनेक सोसायट्यांत फ्लशसाठी बोअरवेलचे पाणी वेगळ्या नळाने येते आणि ते बहुधा मचूळ असते. कामगार साहजिकच जवळचा नळ धरतात. सळई धुणे, मसाला कालवणे आणि नंतर भिजवणे, या तिन्हींसाठी पालिकेचे पिण्याचे पाणीच वापरायला लावावे. ज्या क्षारांमुळे एवढे सारे करावे लागले, तेच पुन्हा आत घालण्यात अर्थ नाही.

गंजाच्या चिरेत इपॉक्सीचे इंजेक्शन देऊ, म्हणजे फोडायला नको, असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. कोरड्या, थांबलेल्या आणि गंज नसलेल्या चिरेसाठी ते उत्तम आहे. फुगत्या सळईवर त्याचा काही उपयोग होत नाही.

भिजवणे, टेकू काढणे आणि बाहेरची बाजू

मायक्रो काँक्रीटवर ओले गोणपाट बांधून निदान सात दिवस ते सतत ओले ठेवावे. पॉलिमर मसाल्याला मात्र पहिले एक-दोन दिवस ओलावा देऊन नंतर हवेत सुकू द्यावे लागते, तेव्हाच त्यातले पॉलिमर नीट धरते. टेकू काढण्याची घाई हा घरमालकाचा दोष आहे, कारण खिडकी बंद राहते आणि खोलीत अंधार असतो. आयएस ४५६मध्ये सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे टेकू साध्या काँक्रीटसाठी १४ दिवस ठेवायला सांगितले आहेत. अभियंत्याने लेखी परवानगी दिली नसेल, तर तेवढे दिवस थांबावे, आणि काढतानाही एकदम न पाडता स्क्रू थोडाथोडा सैल करत जावे. त्यानंतर हातोडीने पुन्हा ठोकून पाहावे. नव्या भागातून बोदा आवाज आला, तर प्लास्टर होण्याआधीच तो भाग काढून भरून घ्यावा.

प्लास्टर करताना छज्ज्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा आणि भिंतीला तो जिथे मिळतो तिथे सिमेंटचा गोलसर वाटा (कोपरा भरणारी गोलाई) करावा, म्हणजे नैऋत्येच्या पावसाचे पाणी सांध्यात साचत नाही. छज्ज्याच्या तळाला, पुढच्या कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंदीची खाच सलग ठेवावी. या खाचेमुळे पाणी तळावरून वाहत लिंटेलपर्यंत पोचत नाही, कडेलाच गळते. गवंड्याला पाच मिनिटांचे हे काम आहे, तरीही आपल्याकडच्या निम्म्या छज्ज्यांना ती खाच नसते किंवा रंगाच्या थरांनी बुजलेली असते. सांध्यात पिंपळाचे रोप उगवले असेल, तर ते वरून न छाटता मुळासकट काढावे. प्लास्टर पुरते सुकल्यावर बाहेरून कार्बोनेशनरोधक रंग द्यावा. निघालेला राडारोडा पदपथावर न टाकता पालिकेच्या डेब्रिज ऑन कॉल सेवेमार्फत उचलवून घ्यावा.

ग्रिल आणि खिडकीची चौकट परत बसवताना लिंटेलच्या तळाला भोके पाडू नयेत. बोल्ट बाजूच्या भिंतींत घ्यावेत. चौकट आणि लिंटेल यांच्यातली फट सिमेंटने न भरता लवचिक सीलंटने भरावी, आणि एसीचा कंस छज्ज्यावर पुन्हा चढवू नये.